‘शंभर वर्षं शिकवूनही आयरिश मेलीच’ असं म्हणणाऱ्यांना

शाळेतल्या मराठीच्या सक्तीवर वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘आयर्लंडने स्वातंत्र्यानंतर शंभर वर्षं मुलांना सक्तीने आयरिश शिकवली. तरी आज तिथे कुणीही आयरिश बोलत नाही. सगळ्यांना इंग्रजी येत असताना दुसऱ्या भाषेची गरजच उरत नाही. भाषा बाजारात चालली तर जगते, बाकी सगळी हौस.’ यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीची खपून जातात.

आधी ‘कुणीही बोलत नाही’ हे घेऊ. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २०२२च्या जनगणनेत १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असं सांगितलं. म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या ४० टक्के. आयरिशचे अभिमानी हा आकडा मिरवतात, पण तो फसवा आहे. यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी त्याच अर्जात ‘नीट येत नाही’ अशीही कबुली दिली आहे. उपयोगी आकडा वेगळाच आहे. शिक्षणाच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे होते ७१,९६८. पन्नास लाखांच्या देशात हे दीड टक्काही भरत नाहीत, हे खरं. पण यातले फक्त २०,२६१ जण गेलटाख्तमध्ये राहतात. गेलटाख्त म्हणजे डोनेगल, कोनेमारा, केरी अशा भागांतले सरकारमान्य पट्टे, जिथे आयरिश पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत टिकून राहिली. उरलेले पन्नास हजारांहून अधिक लोक त्या पट्ट्यांबाहेरचे आहेत, जिथे दिवसभर एकही आयरिश शब्द न उच्चारता काहीही अडत नाही. तरीही ते रोज बोलतात. वर हा हिशेब फक्त प्रजासत्ताकाचा. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्याने तिथलं बेलफास्ट त्यात धरलेलंच नाही.

अर्धं खरं वाक्य आहे ते शाळेचं. चौदा-चौदा वर्षं आयरिश शिकून बाहेर पडलेल्या बहुतेकांना दुकानात दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, हे आयरिश लोक स्वतःच हसत-चिडत सांगतात. पण यातून ‘भाषेचं पुनरुज्जीवन फसलं’ असा निष्कर्ष निघत नाही. आपल्याकडे दहावीला संस्कृतमध्ये नव्वदच्या पुढे मार्क मिळवणाऱ्यांची फौज आहे, आणि त्यातला एकही जण रिक्षावाल्याशी संस्कृतात घासाघीस करत नाही. दोष शिकवण्यात थोडा असेलही, पण मुख्य म्हणजे बोलायला जागाच नाही.

आयर्लंडमध्ये ती जागा कधी निर्माण केली गेली, याच्या तारखा पाहा. १९३७च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली अधिकृत भाषा म्हटलं. सरकारी कार्यालयांनी नागरिकांना आयरिशमध्ये सेवा द्यावी यासाठीचा राजभाषा कायदा आला २००३ मध्ये. मधली ६६ वर्षं घटनेत मान होता आणि खिडकीवर इंग्रजी. कोनेमारातल्या तरुणांनी १९७० मध्ये विनापरवाना रेडिओ केंद्र चालवून दाखवलं, तेव्हा कुठे १९७२ मध्ये सरकारी ‘रेडिओ ना गेलटाख्ता’ सुरू झाला. आयरिश टीव्ही वाहिनीसाठी १९९६ उजाडलं. २०३०पर्यंत सरकारी नोकरभरतीत २० टक्के आयरिश जाणणारे असावेत, हे उद्दिष्ट तर २०२१च्या दुरुस्तीतलं. मजकूर ज्याला शंभर वर्षांचा फसलेला प्रयोग म्हणतो, तो मुख्यतः वर्गातच झाला. वर्गाबाहेरचा आत्ता कुठे सुरू होतोय.

‘इंग्रजी येत असताना गरजच काय?’ याला माझ्याकडे युक्तिवाद नाही, एक गल्ली आहे. पश्चिम बेलफास्टमधला शॉज रोड. इथे आयरिशला ना घटनेचा आधार होता, ना सरकारचा. उत्तर आयर्लंडच्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना ती भाषा नकोशीच होती. साठच्या दशकात काही तरुण जोडप्यांनी ठरवलं की आपण शेजारी शेजारी घरं बांधायची आणि मुलांना आयरिशमध्येच वाढवायचं. यांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी, आयरिश मोठेपणी शिकलेली. जमीन घेतली, घरं स्वतः उभारली, १९६९ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. त्याच ऑगस्टच्या दंगलीत शहरातला एक रस्ता जाळला गेला, त्याचं नाव बॉम्बे स्ट्रीट (हो, आपल्याच मुंबईचं). तिथली घरं पुन्हा बांधायलाही ही मंडळी धावली.

शाळेचा विचार मांडल्यावर शिक्षण खात्याने त्यांना खटल्याची धमकी दिली होती. तरी १९७१ मध्ये शाळा सुरू झाली, मुलं नऊ. सरकारी मान्यता मिळायला १९८४ उजाडलं. तोवर पगार-पाणी पालकांनी वर्गण्यांवर निभावलं. आज उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमात शिकणारी मुलं सात हजारांहून जास्त आहेत. क्रम लक्षात घ्या: आधी घर, मग शेजार, मग शाळा. दक्षिणेत, म्हणजे प्रजासत्ताकात, नेमकं उलटं झालं.

हौसेबद्दल फार लिहीत नाही. २०१६ मध्ये डब्लिनमध्ये दोघा मित्रांनी ‘पॉप-अप गेलटाख्त’ सुरू केलं: एक पब ठरवायचा, तारीख जाहीर करायची, जमेल त्याने येऊन आयरिशमध्ये गप्पा मारायच्या. वर्गणी नाही, भाषणं नाहीत. कल्पना परदेशातल्या शहरांतही पोचली. ही हौस आहेच. हौसेने बोललेली भाषा मोजायची नाही, असा नियम कुणी केला?

राहिला बाजार. १८३१ पासूनच्या राष्ट्रीय शाळांत शिक्षण इंग्रजीतून होतं. आयरिश बोललेल्या मुलाच्या गळ्यातल्या काठीवर खूण करायची आणि खुणांप्रमाणे मार द्यायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी होती. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली, आणि सर्वात भाजला तो आयरिश बोलणारा गरीब पश्चिम भाग. अमेरिकेला जायचं तर इंग्रजी हवी म्हणून आईबापांनीही त्या काठीला साथ दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपासमार आणि छडी यांना ‘बाजाराचा कौल’ म्हणणं जरा अतीच होतं.

आणि आजचा बाजार? तो गेलटाख्तमध्ये जोरात चालू आहे, घरांचा. समुद्रकिनाऱ्यावरची घरं सुट्टीपुरती येणाऱ्यांकडे आणि पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांकडे जातात. तिथेच जन्मलेल्या, आयरिश बोलणाऱ्या जोडप्यांना घर परवडत नाही. २००७च्या सरकारी अभ्यासाने सांगितलं होतं की रोज आयरिश बोलणारे ६७ टक्क्यांखाली गेले की तो समाज इंग्रजीकडे घसरतो. बाहेरून आलेल्या थोड्याशा कुटुंबांनीही हे गणित बिघडतं. म्हणून काही भागांत घर बांधायच्या परवानगीला भाषेची अट जोडलेली आहे, आणि तिथल्या तरुणांच्या आंदोलनांत सध्या पहिली मागणी आहे ती घराची.