गाडी पावसात का काढतो: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'आगोटीआधी फियाटची तयारी' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि चांगलीच खरमरीत आहे. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात, तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जुनी गाडी ठेवणं हाच मुळात वेडेपणा. ठेवलीच तर पावसाळ्याचे चार महिने ती वॉटरप्रूफ कव्हर घालून, जॅकवर चढवून, बंद खोलीत ठेवावी; मी ती पावसाळ्यात रस्त्यावर काढतो आणि इतरांनाही तसं सांगतो, हा गाडीवर अन्याय आहे. शिवाय गाडीत वीज तयार करणारा मूळ डायनॅमो काढून नव्या धर्तीचा अल्टरनेटर बसवलेली, रंग विटलेली गाडी 'रिस्टोअर' केली असं म्हणवत नाही. आणि फियाट डिलाइट ही काही व्हिंटेज गाडी नव्हे.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. ब्रिटनमधल्या जुन्या क्लबांच्या हिशेबात १९३०च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्याच व्हिंटेज. त्या मापाने माझी डिलाइट कालचं पोर आहे. आपल्याकडे मात्र जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट. वीस हजार रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर दहा वर्षांसाठी मिळतो. माझी गाडी त्यात बसते, तरी मी तो नंबर घेतलेला नाही. कारण तो घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढता येते. रोजच्या वापराला बंदी. मला तर शृंगारतळीच्या बाजारातून भाजी आणायची असते. म्हणून दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून साधीच नोंदणी पुढे वाढवून घेतो.

आता मूळ वादाकडे येऊ. तुम्ही पुण्याचा अनुभव सांगता आणि तो पुण्यापुरता बरोबर आहे. देशावरच्या कोरड्या हवेत गाडी झाकून ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. पण तोच उपाय गुहागरच्या खालचा पाट या आमच्या वस्तीत केला तर गाडी झाकणाखाली कुजते. याचं कारण मिठाच्या स्वभावात आहे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या खड्यांच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे लाटांच्या तुषारांबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसलं की पाऊस नसताना, ऊन असतानासुद्धा तिथे डोळ्यांना न दिसणारा ओलावा टिकून राहतो. गंजायला लोखंडाला एवढंच पुरतं. पाणी, प्राणवायू आणि त्यात विरघळलेला क्लोराइड. मग तुम्ही गाडीला हात लावा की लावू नका.

आता गंमत बघा. हे मीठ पत्र्यावरून काढतं कोण? पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा, तुम्ही ज्याला शत्रू नंबर एक म्हणता तोच. किनाऱ्यावरचं कोणतंही जुनं लोखंडी फाटक नीट पाहा. पावसाचा मारा थेट बसणारी वरची बाजू बऱ्यापैकी शाबूत असते आणि वळचणीला असलेली, पाऊस न लागणारी बाजू पापुद्रे सुटून गेलेली असते. गाडीचंही तसंच. टपाला आणि बॉनेटला गंज लागून गाडी मेली असं मी फारसं पाहिलेलं नाही. गाडी मरते ती मडगार्डच्या आतून, दरवाज्यांच्या तळातून आणि फुटबोर्डाखालच्या पोकळ पट्टीतून. तिथे मीठ वाऱ्याबरोबर पोचतं, पण धुणारं पाणी पोचत नाही.

तुमचं वॉटरप्रूफ कव्हर अख्ख्या गाडीचीच अशी वळचण करून टाकतं. आत बसलेलं मीठ आतच राहतं. दिवसा शेड तापते, फरशीतली ओल वाफ होऊन वर येते आणि रात्री कव्हरच्या आतून थेंब होऊन पत्र्यावर उतरते. शिवाय नैऋत्येचा वारा सुटला की कव्हर फडफडून कोपऱ्यांवरचा रंग घासून काढतं ते वेगळंच. 'बंद खोली' म्हणाल तर आमच्याकडे खोली जांभ्याच्या चिऱ्याची. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर ओल धरून बसतो. अशा खोलीत चार महिने ठेवलेल्या चपलांवरही बुरशीची गादी चढते.

म्हणून माझी शेड पश्चिमेकडून बंद आणि पूर्वेकडून उघडी आहे. पश्चिमेला ताडपत्री न लावता नारळाची झापं लावली आहेत. ती वाऱ्यातलं तुषार अडवतात पण हवा अडवत नाहीत. जमिनीला कोबा आहे आणि कोब्याखाली जाड प्लास्टिक घातलं आहे. गाडीवर असलीच तर सुती चादर, तीही कोरड्या दिवसांत, धुळीपुरती.

आणि धुणं. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कंटाळवाणं काम. वरून चमकवणं म्हणजे धुणं नव्हे. नळी उलटी धरून मडगार्डच्या आत आणि तळाला गोडं पाणी मारायचं. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती माती-पाल्याने बुजलेली असतात. सायकलच्या तारेने मोकळी करायची. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडून जाऊन आलो तर त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता. फेरीच्या फळीवरून चढता-उतरताना चाकांनी उडणारं पाणी शुद्ध खारं असतं, आणि ते नेमकं तिथेच बसतं जिथे आपला हात पोचत नाही. इथे एक स्थानिक खोच आहे. मे महिन्यात खाडीजवळच्या कित्येक विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. आधी चाखून बघा. मी पागोळ्यांचं पाणी पिंपांत साठवतो. गाडीसाठी त्याहून गोडं पाणी किनाऱ्यावर मिळत नाही.

'मग पावसात चालवायची कशाला? धुवा आणि ठेवा,' असं तुम्ही म्हणाल. ठेवलेली गाडी आमच्या हवेत आतून बिघडते. ड्रम ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात (हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नका, चाकाला पाचर लावा). ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ब्रेकला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरला आतून खड्डे पडतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाण्याची ओढ. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा आत-बाहेर होत राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं आणि टाकी तळातून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फुगून फाटतात ते आणखी वेगळं. मी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे बसवले आहेत, टाकी भरलेली ठेवतो, आणि मुख्य म्हणजे पेट्रोल जुनं होऊ देत नाही. ते जाळायचं म्हणजे गाडी चालवायची.

पण चालवायची म्हणजे कशी, ते सांगतो, कारण तुमच्यासारखेच जागरूक मालक इथे हमखास चुकतात. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी करून पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले नाहीत तर ते तिथेच थिजतं. सायलेन्सर आतून कुजतो, ऑइलला पांढरा साबणासारखा फेस येतो. काढायची तर उघाडीच्या दिवशी नीट तासभर, नाहीतर हात लावू नये.

तळाला काय लावावं यावरही तुम्ही लिहिलं आहे. काळं डांबरी अंडरकोटिंग मी लावत नाही. नवीन असताना छान दिसतं, दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं, आणि मग खारं पाणी त्याच्या मागे शिरून निवांत काम करतं. वरून सगळं काळं कुळकुळीत. वॉशिंग सेंटरला जळक्या ऑइलचा फवारा मारून देतात, तो रबरी बुश खातो आणि उरलेलं ऑइल पहिल्याच झडीत रस्त्यावरून शेतात जातं. मेणासारखं, कायम थोडं मऊ राहणारं काहीतरी हवं, जे स्वतःच फटीत शिरेल.

आपल्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचं तेल चोपडायची जुनी रीत होती. रस्ट-ओलियम या अमेरिकन रंगाची जन्मकथाही तीच सांगतात: रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या जहाजाच्या कप्तानाच्या लक्षात आलं की डेकवर माशाचं तेल सांडलं तिथला गंज पुढे पसरत नाही, १९२१मध्ये त्याने त्यावर कंपनीच काढली. मी एकदा फुटबोर्डाच्या पोकळीत तारलीचं तेल घालून पाहिलं. गंजाचं काय झालं ते सांगायला वेळच मिळाला नाही, कारण आळीतल्या सगळ्या मांजरांनी गाडीखाली मुक्काम ठोकला. आता लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेणचट द्रव्य, वापरतो. हर्णैच्या एका ओळखीच्या तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) ट्रॉलरला लावतात तशा जस्ताच्या वड्या गाडीला लावायला सुचवलं होतं. होडी सतत पाण्यात असते म्हणून जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. हवेत उभ्या असलेल्या गाडीला ते सलग पाणी कुठून मिळणार? तेव्हा असंच संरक्षण मिळेल म्हणून ऑनलाइन विकतात ते 'गंजरोधक यंत्र' घ्यायच्या फंदात पडू नका.

रंगाबद्दल. गाडीचा मूळ रंग बऱ्याच ठिकाणी अजून पत्र्याला घट्ट धरून आहे, तो खरवडून नवा मारायचा माझा विचार नाही. इथल्या हवेत पत्रा उघडा केला की एका रात्रीत तांबूस होतो, आणि पेंटर तो तांबूसपणा पुसून त्यावर प्रायमर मारतो. लांबी (पुट्टी) भरलेली जागा ओल पिते, वर्षाने फुगते. ज्यांना रंग करायचाच आहे त्यांनी जानेवारी ते मार्चमध्ये करावा आणि उघडा केलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी प्रायमरखाली न्यावा. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे माझे पैसे रंगाऐवजी फुटबोर्डाखालच्या पट्ट्या कापून नवा पत्रा जोडण्यात गेले. त्या कुजल्या की गाडी मधून खचते आणि दरवाजे लागेनासे होतात. इंजिनचा ब्लॉक कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून नव्याने कोरून, आणला. तिथल्या लेथवाल्यांच्या हाताला तोड नाही. बाकी सुटे भाग मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या कृपेने मिळत होते. ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तसा तो झराही आटत चालला आहे. ज्यांच्याकडे जुनी फियाट आहे त्यांनी लागणारे भाग आत्ताच जमवून ठेवावेत.

अल्टरनेटरचं म्हणाल तर, रात्री धो-धो पावसात चिपळूणहून येताना वायपर आणि हेडलाइट एकाच वेळी लागतात आणि गाडी हळू चालवल्यावर डायनॅमो तेवढी वीज देत नाही. मूळ डायनॅमो ग्रीस लावून पेटीत ठेवला आहे, चार बोल्ट काढले की परत बसतो. जुन्या वाहनांसाठी जगभर काम करणाऱ्या 'फिवा' संघटनेची २०१२ची ट्यूरिन सनदसुद्धा आधी जतन, मग नूतनीकरण असाच क्रम लावते, आणि गाड्या रस्त्यावर चालत्या राहाव्यात असं म्हणते. कोणी त्याला रिस्टोरेशन म्हणो वा न म्हणो.

तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यांत शेवटची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली: दापोलीकडच्या तुमच्या मूळ घरी काकांची अॅम्बेसेडर ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी आहे आणि येत्या दिवाळीत तुम्ही ती 'सुरू करून' पुण्याला नेणार आहात. कृपा करून नवी बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नका. आधी ताडपत्री काढून गाडीला आठवडाभर वारा लागू द्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, मग हँडल घालून हाताने फिरवून पाहा. फिरत नसेल तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा. टाकीतलं पेट्रोल सगळं काढून टाका. वायरिंग उंदरांनी सोललं आहे का, सीटखाली घरटं आहे का ते बघा. अॅम्बेसेडरलाही वेगळी चासी नाही, म्हणून जॅक लावण्याआधी फुटबोर्डाची खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे जॅक लावू नका, गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत जाईल. आणि आरसी कोणाच्या नावावर आहे, वारसांच्या सह्या लागतील का, हे दिवाळीआधीच विचारून घ्या. गाडीपेक्षा त्यालाच जास्त वेळ लागतो. पट्ट्या कुजलेल्या निघाल्या तर पुण्याला टोइंग करून नेण्याआधी मला कळवा. पत्राकाम करणारा माणूस चिपळुणात आहे, आणि दाभोळच्या फेरीने गाडी टेंपोवर घालून इकडे आणता येते.