खुलासा : शेक्सपियरच्या काळातली 'कायदेशीर' स्त्रीबंदी

शेक्सपियरच्या काळी स्त्रियांनी नाटकात काम करण्यावर कायद्याने बंदी होती, म्हणून पुरुष वेषांतर करून स्त्रिया साकारत, असा मजकूर फिरतो आहे. असा कायदा नव्हता. ती रूढी होती, पण घट्ट: १६२९ मध्ये लंडनला आलेल्या फ्रेंच नट्यांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शिवाय रोझलिंडसारख्या (शेक्सपियरच्या 'ॲज यू लाइक इट'ची नायिका) भूमिका मिशाळ पुरुष नव्हे, तर नाटकमंडळीतले शिकाऊ उमेदवार करत, साधारण १२ ते २१ वर्षांचे. अशा उमेदवारांची नोंद करायला नटांचा स्वतःचा व्यवसायसंघ नव्हता. त्यामुळे शेक्सपियरच्या मंडळीतला नट जॉन हेमिंग्ज आपले शिकाऊ चक्क किराणा व्यापाऱ्यांच्या संघात नोंदवी! इंग्रज नट्या १६६० मध्ये व्यावसायिक रंगमंचावर आल्या. १६६२ च्या राजाच्या सनदेने त्यांना लेखी परवानगी दिली.