एसआयव्हीला जाताय? मग एवढं कराच

गेल्या गुरुवारी आमच्या साइटवर, म्हणजे जिथे औषधाची क्लिनिकल ट्रायल होणार त्या आमच्या हॉस्पिटलात, एसआयव्ही म्हणजे साइट इनिशिएशन व्हिजिट झाली; ट्रायल सुरू होण्याआधीची तयारीची भेट. म्हणजे कंपनीतर्फे ट्रायलवर देखरेख करणारे मॉनिटर आले, जेवले, गेले. नव्याने या धंद्यात पडणाऱ्या मॉनिटरांच्या कामी यावं म्हणून हे चार शब्द.

तारीख आदल्या संध्याकाळी साडेसहाला कळवा. गुरुवारी पीआयची, म्हणजे ट्रायलच्या प्रमुख डॉक्टरांची, ओपीडी असते, हे आम्ही महिनाभर आधी लिहिलं होतं. पण मेल वाचायचे नसतात, त्यांना 'नोटेड विथ थँक्स' म्हणायचं असतं.

स्लाइड १४२ आणा. डॉक्टरांना दोन पेशंटच्या मधे २० मिनिटं मिळतात, त्यातली १२ औषधाच्या रेणूच्या चित्रावर घालवा. गंभीर दुष्परिणाम झाला तर २४ तासांत परवाना अधिकाऱ्यांना, प्रायोजकाला (ट्रायल करवणाऱ्या कंपनीला) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं, ती स्लाइड शेवटून दुसरी ठेवा. तोवर डॉक्टर राउंडला गेलेले असतात. ट्रेनिंग लॉगवर सही मात्र सगळ्याची घ्या.

सेंट्रिफ्यूजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा. दिलं की पुन्हा मागा.

लॅब किटबद्दल विचारलं तर 'कस्टममध्ये आहेत' म्हणा.

आता मराठी संमतीपत्र. ते ट्रायलच्या फाइलीत, बाइंडरमध्ये आहे ना, झालं तर मग! उघडून कशाला बघायचं? आमच्या एथिक्स कमिटीने मंजूर केलीय आवृत्ती २.०, बाइंडरमध्ये १.१. फरक किरकोळच आहे हो. १.१ मध्ये इजा झाल्यास उपचार 'प्रायोजकाच्या धोरणानुसार' आहेत. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांत मोफत उपचार आणि नुकसानभरपाई लिहिलेली आहे, म्हणून कमिटीने ते वाक्य खोडायला लावलं, त्यात दोन मीटिंगा गेल्या. भाषांतराचं तर बोलूच नका. 'आपणास यादृच्छिकपणे एका उपचार-भुजेत नियुक्त केले जाईल.' इंग्रजीत उपचाराच्या गटाला 'आर्म' म्हणतात, त्याची ही भुजा. मागच्या ट्रायलच्या फॉर्ममध्येही हीच भुजा होती. एका बाबांनी ते वाचून शर्टाची बाही वर केली आणि मला म्हणाले, "ताई, दुखणं छातीत आहे, हाताला काय करणार?" मी चिठ्ठ्या टाकून दाखवल्या, तेव्हा कुठे उमगलं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी साक्षीदार बसवून हेच मोठ्याने वाचायचं. भुजा! अरे, छापण्याआधी ऑफिसातल्या शिपाईमामांना तरी एकदा वाचून दाखवा.

आणि मी १.१ दाखवलं तेव्हा काय उत्तर मिळालं? "मॅडम, तुम्ही नोट टू फाइल लिहून टाका." म्हणजे चुकीचा खुलासा लिहून फाइलला लावा. मी का लिहू? चूक तुमची, नोट माझी, आणि उद्या इन्स्पेक्शनला उत्तरं द्यायला डॉक्टर उभे राहणार?

शुक्रवारी व्हिजिट यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदनाचा मेल आला. पहिला पेशंट सोमवारपर्यंत घ्या म्हणे. नाही घेणार. कमिटीच्या शिक्क्याचं २.० आणा, किट आणा, आणि डॉक्टरांना ती २४ तासांची स्लाइड स्वतः येऊन दाखवा. ओपीडी गुरुवारी असते. तिसऱ्यांदा सांगतेय.