पॉवर कमी केली की कातडी वाचते?

"मॅडम, मशीन लई पॉवरचं हाय म्हणत्यात. जरा कमी पॉवरवर द्या की, आईची कातडी जळंल."

कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा शेक घ्यायला आलेल्या पेशंटचे नातेवाईक हे फार काकुळतीने विचारतात. मी रेडिओथेरपी विभागात काम करते, म्हणून एकदा नीट लिहिते. पॉवर, म्हणजे किरणांची ऊर्जा, कमी केली तर कातडी जास्त जळेल!

पूर्वी अडीचशे किलोव्होल्टच्या क्ष-किरणांवर उपचार चालायचे. त्यात सगळ्यात जास्त डोस कातडीलाच बसायचा. खोल गाठीला पुरेसा डोस मिळेपर्यंत वरची कातडी सोलून निघायची. मग कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचं मशीन आलं आणि सर्वाधिक डोसची जागा अर्धा सेंटिमीटर आत सरकली. आजच्या ६ मेगाव्होल्टच्या लिनॅकवर (जोरदार क्ष-किरण तयार करणारं मशीन) ती साधारण दीड सेंटिमीटर आत असते. जोरदार किरण शरीरात शिरले की इलेक्ट्रॉनना पुढच्या दिशेने ढकलतात, आणि हे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा पुढे जात जात टाकतात. म्हणून वरचा थर बराचसा सुटतो.

पण स्तन काढलेल्या काही बायकांच्या छातीवर आम्ही मुद्दाम जेलची चादर पसरतो, अर्धा किंवा एक सेंटिमीटर जाडीची. त्याला बोलस म्हणतात. तिथे कातडीतच आजार उरण्याची भीती असते, म्हणून चादरीला वरचा थर बनवून डोस वर, कातडीत आणावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छाती लाल होते, काखेत सोलवटते, आणि ती बाई घाबरून जाते. तिला हे आधी का सांगत नाहीत? मला याचा खरंच राग येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

गाठ वरवर असेल तर इलेक्ट्रॉन वापरतात. ६ एमईव्हीचे (हे कणाची ऊर्जा मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन तीन सेंटिमीटरच्या आसपास संपतात, खालचं फुप्फुस वाचतं. खारघरला टाटाच्या केंद्रात आता प्रोटॉन कणांचं मशीनही आहे, प्रोटॉन ऊर्जेचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्यात टाकून थांबतो.

आणि नुसत्या ऊर्जेच्या आकड्याला घाबरणाऱ्यांसाठी पोलोनियम-२१० या किरणोत्सर्गी धातूचं उदाहरण. त्याच्या अल्फा कणाची ऊर्जा ५.३ एमईव्ही, तरी बाहेरून तो कातडीच्या मेलेल्या थरातच अडकतो. तोच पोटात गेला की सगळी ऊर्जा दोन-चार पेशींच्या अंतरात ओततो. २००६ साली लंडनमध्ये रशियाचे माजी गुप्तहेर लिट्विनेन्को या पोलोनियमच्या विषानेच गेले.

तेव्हा घरात कुणाला शेक सुरू होणार असेल तर नुसतं "किती ग्रे?" (ग्रे म्हणजे डोसचं माप) विचारू नका. गाठ किती खोल आहे, किरण कोणते, बोलस लावणार का, कातडीला किती बसेल, हे पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही सांगायला बांधील आहोत.