बारा हजारांचा लाख कसा झाला?

पुण्याच्या आतेभावाने गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर 'विचार करण्यासारखे' अशी जोड देऊन पुढे पाठवला. सरकार प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला लाखभर रुपये भरते, खत आणि वीज फुकट देते, त्याला कर माफ करते आणि हे सारे पगारदारांच्या खिशातून जाते, असा त्याचा आशय होता. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी वडिलांना तो मीच वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून हे लिहावे लागत आहे.

केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये मिळतात, तेही 2,000 च्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून 2023 पासून तेवढेच आणखी मिळू लागले. एकूण 12,000, म्हणजे दिवसाला 33 रुपये. आणि ते माणशी नसून पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून होणाऱ्या एका कुटुंबाला. दुसऱ्याचे रान वाट्याने कसणाऱ्याला तेही नाहीत, कारण सातबारा त्याच्या नावावर नसतो. ई-केवायसीच्या वेळी सेवा केंद्रातल्या यंत्राने वडिलांचा अंगठा चार वेळा नाकारला, कारण कांद्याची पात कापून कापून त्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या आहेत. लाखाचा आकडा कुठून आला, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

खत फुकट नाही. युरियाची 45 किलोची गोणी आम्ही 266 रुपये 50 पैसे मोजून घेतो. ती स्वस्त पडते हे खरे, पण अनुदान कंपनीकडे जमा होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात 2024 पासून वीज मोफत आहे, हेही खरे. ती रात्रपाळीला येते तेव्हा बांधावर जागे कोण राहते, एवढेच विचारतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि त्या आडोशाला दुसरा पैसा लपवणारे आहेत, हे नाइलाजाने मान्य. पीएम किसानचा पैसा 42 लाखांहून अधिक अपात्रांकडे गेल्याचे सरकारनेच 2021 मध्ये संसदेत सांगितले होते, पण त्या अपात्रांत आयकर भरणारेही होते!

खरा राग येतो तो 'पगारदार शेतकऱ्याला पोसतो' या वाक्याचा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये भारताच्या शेतीधोरणांचा आढावा घेतला, तेव्हा सारी अनुदाने जमेस धरूनही 2000-01 ते 2016-17 या काळात शेतकऱ्याला मिळालेला आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे 14 टक्के निघाला, म्हणजे मिळाले त्याहून गेले जास्त. निर्यातीवरील निर्बंधांनी देशातले भाव दाबले गेले आणि त्यातून जे गेले, ते अनुदानांनी भरून निघाले नाही. स्वस्त कांदा खाणाऱ्याच्या ताटात ती तूट गेली.

हे आम्ही पुढेही पाहिले. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे 2024 पर्यंत. क्विंटलमागे 120 रुपये भाव उतरला, तर शंभर क्विंटलवर वर्षाचे 12,000 गेले. बंदीनंतर काही दिवसांतच लासलगावात तो हजाराहून अधिक उतरला, आणि आमचा लाल कांदा तेव्हा नुकता निघू लागला होता.