चटईवरून उठून वर्गात फिरा

योगशिक्षकाने वर्गासोबत प्रत्येक आसन स्वतः करावं, असं योग शिकवण्यावरच्या एका लेखात वाचलं. नऊ वर्षं सकाळचा वर्ग घेतेय, म्हणून सांगावंसं वाटतं: एकदा नीट करून दाखवा आणि मग उठा. स्वतःच पाय पसरून पश्चिमोत्तानासनात पुढे वाकलात, तर मागच्या रांगेत कोण श्वास कोंडून बसलंय ते दिसणार कसं?

माझ्या हातून हे घडलंय. पहिल्याच वर्षी वर्गातल्या एक काकू गुडघा ठणकत असताना वज्रासनात बसून राहिल्या, कारण बाकी सगळे बसले होते. मी समोर डोळे मिटून! उठताना त्यांनी भिंत धरली तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. आता त्यांच्या मांडी-पोटरीच्या मध्ये जाड घडी केलेली सोलापुरी चादर आणि घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी असते. पाच मिनिटं छान बसतात. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी दोर, विटा, खुर्च्या वापरून आसन असंच माणसाच्या शरीराला जुळवून घेतलं.

आणि हो, वर्गाकडे तोंड करून शिकवताना ‘उजवा हात वर’ म्हणत आपला डावा उचलायचा, आरशासारखा. घरी बोलत बोलत सराव करा, हळूहळू अंगवळणी पडतं. सूचना छोटी हवी: ‘टाच जमिनीत दाबा’ लगेच कळतं.

बीपी, मणका, पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण याची चौकशी मात्र पहिल्याच दिवशी, आणि एकेकट्याला बाजूला घेऊन. चारचौघांत बायका सांगत नाहीत.