होडी आमची, पाणी सरकारचं

दादरच्या माझ्या साडूला वाटतं की बदलापूरला राहणारा माणूस रोज सकाळी धबधब्याखाली उभा राहून दात घासतो. दर जूनला त्याचा फोन येतो, "मज्जा आहे बुवा तुमची, बारवी धरण काय, कोंडेश्वरचा धबधबा काय, भोज धरण काय!" आणि मी हो हो म्हणतो, कारण वीस वर्षं 68 किलोमीटर लोकलला लटकून सीएसएमटी गाठणाऱ्या माणसाला कुणी "मज्जा आहे" म्हटलं की बरं वाटतं, खोटं असलं तरी. खरं म्हणजे या वीस वर्षांत मी धरण बघितलं ते फक्त व्हॉट्सॲपवर. पावसाळ्यात "बारवी भरलं" असा व्हिडिओ येतो, आपण अंगठा पाठवतो, झालं पर्यटन.

तर मागे 26 जानेवारीच्या सेलमध्ये रात्री साडेबाराला मी हवा भरायची होडी मागवली. चार माणसांची. बायको म्हणाली, "अहो, घरात माणसं तीन." म्हटलं चौथी जागा डब्याला. होडी आली ती अकरा किलोची निळी गुंडाळी, सोबत दोन वल्ही, पायाने दाबायचा पंप आणि एक कागद, ज्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हे जीवरक्षक साधन नाही. गच्चीवर ट्रायल घेतली. चाळीस मिनिटं पंप दाबला, माझी पोटरी होडीपेक्षा आधी फुगली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू साबुदाण्याच्या पापड्या घेऊन वर आल्या, होडी बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "काय हो, यंदा एवढा पाऊस सांगितलाय का?"

पहिल्या रविवारी बारवी. स्कूटरवर पुढे फूटबोर्डवर होडी, त्यामुळे माझे गुडघे दोन्ही बाजूंना रिक्षाच्या आरशासारखे बाहेर, मध्ये चिरंजीव पंप मांडीवर घेऊन, मागे बायको वल्ही उभी धरून, असं आमचं कुटुंब मूळगावच्या खंडोबाच्या बाजूने निघालं तेव्हा रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. धरणाजवळ रखवालदाराने अडवलं.

"काय आहे यात?"

"होडी."

त्याने मागे वळून दुसऱ्याला हाक मारली, "ए, ये रे इकडं, साहेबांनी होडी आणलीय."

मी आदल्या रात्री अभ्यास करून गेलो होतो. त्यामुळे त्याला सांगायला लागलो की धरण 1972 चं, एमआयडीसीने बांधलेलं, नंतर उंची वाढवली, आणि पाणी 72.60 मीटरला पोचलं की दरवाजे आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही. वाटलं एवढं ज्ञान बघून माणूस विरघळेल. तो शांतपणे म्हणाला, "एवढं ठाऊक आहे तर बंदी आहे तेही ठाऊक असेल. प्यायचं पाणी आहे साहेब. इथून जांभूळला शुद्ध करायला जातं, तिथून नळाला. तुमच्या पिंपात कुणी पाय बुडवून बसलं तर चालेल का?" यावर चिरंजीव पटकन बोलले, "बाबा परवा टाकीत पडलेला मोबाईल काढायला उतरले होते." परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही.

मग एप्रिलमध्ये भोज. तिथे अडवायला कुणीच नाही, आणि अडवणारं कुणी नसलं की आपण बरोबर जागी आलो असं मला का वाटतं देव जाणे. पाणी पार आत गेलेलं, मध्ये नुसता भेगाळलेला गाळ. चार पोरं म्हशी सोडून आमच्याभोवती बसली आणि मी पंप दाबताना मोठ्याने आकडे मोजायला लागली. चारशेला होडी फुगली. चारशे दहाला कळलं की झडपेचं झाकण गच्चीवर राहिलंय. तिथे बायकोने केसांचा रबर आणि पोळीच्या डब्यातला फॉइल असं काहीतरी करून ते भोक बंद केलं, मान्य करायला हवं, आणि मी होडी डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघालो. वरून पापुद्रा वाळलेला, खाली शिरा. सहाव्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत, तो काढायला डावा रोवला तर तोही आत, आणि डोक्यावर होडी असल्यामुळे मला काही दिसत नव्हतं, फक्त पोरांचं हसू ऐकू येत होतं आणि मग ते एकदम थांबलं.

एक म्हातारेबाबा काठी पुढे करून उभे होते. "हलू नको. आडवा हो. होडीवर पोट टाक." टाकलं. म्हणजे होडीचा उपयोग झालाच म्हणायचा, फक्त चिखलात. त्यांनी आणि पोरांनी मिळून मला ओढून काढलं, एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. बाबा बिडी पेटवत म्हणाले, "तळ्याला काठ असतो रे बाबा. धरणाला काठ नसतो. एक पाऊल गुडघ्याएवढं, दुसरं पुरुषभर. खाली कुणाचा बांध, कुणाच्या झाडाचं खोड, वरून काय दिसतं? तुम्ही शहरातली पोरं येता, मग आम्हाला बोलावतात काढायला." मी काय काढायला ते विचारलं नाही. बायकोने चिरंजीवांचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

जूनमध्ये साडू सहकुटुंब आला. कोंडेश्वर बघायचंच. मी म्हटलं पावसाळ्यात मनाई असते, वर डोंगरात सर आली की खाली कुंडात लोंढा कधी येतो समजत नाही, दरवर्षी जीव जातात. तो म्हणाला ते जमावबंदीचं कलम 144 ना, ते असतंच. मी म्हटलं आता 163 झालंय, नवीन संहिता. "म्हणजे वाढलंच की," म्हणाला. गेलो, अर्ध्या वाटेत पोलिसांनी वळवलं, येताना भर पावसात टपरीवर वडापाव खाल्ले आणि साडूने त्याच टपरीच्या पन्हाळीखाली डोकं धरून फोटो काढला. तो त्यांच्या ग्रुपवर "कोंडेश्वर, निसर्गाच्या कुशीत" म्हणून फिरला, त्याला मीही अंगठा पाठवला.

शेवटी चिरंजीव रडकुंडीला आले म्हणून ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव. तिथे होडी चालते, पण त्यांची. तरी मी आमची नेलीच होती, रविवारच्या लोकलमध्ये, डब्यात एकाने विचारलं गादी कितीला पडली. तर आमची अकरा किलोची होडी भेळवाल्याकडे ठेवून, तिकीट काढून, आम्ही पायडलच्या बदकात बसलो. मासुंद्याच्या मधोमध माझी पोटरी पुन्हा भरून आली. भेळवाल्याने होडी सांभाळायचे पैसे घेतले नाहीत, पण तीन भेळ घ्याव्या लागल्या.

मग ती माळ्यावर गेली. विषय संपला असता, पण गणपतीत सोसायटीत ठरलं की यंदा शाडूच्या मूर्ती आणि विसर्जन आवारातच, हौद आणायचा. हौदाचं भाडं ऐकून सेक्रेटरी गप्प झाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "यांच्याकडे ती आहे ना."

दीड दिवसाच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये होडी फुगवली. या वेळी पंप दाबायला अख्खी बिल्डिंग होती, मी फक्त सूचना देत होतो. वर पाच नंबरच्या नळाला पाइप लावला आणि होडीत पाणी सोडलं. प्यायचंच, नळाला आलेलं. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, आता पाय घालू?" सगळे एकदम ओरडले, "नाही!" एकूण सात गणपती झाले. आमचा शेवटचा. मी पाट हातात घेऊन वाकलो, मूर्ती तीनदा बुडवून वर काढली, आणि चौथ्यांदा सोडताना खालून बारीक फुस्स असं ऐकू आलं.

झाकण. ते अजून गच्चीवरच होतं.